धाकटीचं विरजण

विरजणताई हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला कामाची जाण होती. शेतीसाठी जिवाणूंची पाकिटं तयार करणारी ती एक जुनी प्रयोगशाळा. खाली पोलादी टाक्या, वर काचसामान. टाकीत जिवाणू वाढवायचे, काळ्या भुकटीत कालवायचे, पाकिटं भरायची. शेतकरी ती भुकटी बियाण्याला चोळतो आणि पेरतो. पण टाकीत टाकायला सुरुवातीचे चार थेंब कुठून तरी यावे लागतात, आणि ते ताईकडून येत. दह्याचं विरजण जपणारी घरात एक बाई असते, ती चार दिवस कुठे गेली की घरात दह्याची बोंब. तशी इथे ही.

तिच्या फ्रिजमध्ये काचेच्या नळ्या ओळीने उभ्या असत. प्रत्येक नळीत तिरका गोठवलेला, जेलीसारखा खुराक आणि त्यावर जिवाणूंचा सायीसारखा थर. खुराक संपायच्या आत जुन्या नळीतून तारेच्या टोकाने कणभर उचलायचं आणि नव्या नळीत लावायचं. तार आधी बर्नरवर लाल करायची, नळीचं तोंड ज्योतीतून फिरवायचं, श्वास रोखून हात चालवायचा. काम सोपं, पण चुकलं की वंशच बुडाला. ताईचं कधी चुकलं नाही. रजा ती घेत नसे. खालचे लोक म्हणत, ताईला ताप आला तर तापालाच सही करून आत यावं लागेल.

सगळ्या नळ्यांना नंबर होते. एका नळीला मात्र नंबर असूनही सगळे तिला नावाने ओळखत. ती धाकटी.

धाकटी म्हणजे ताईची बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकटी दप्तर सांभाळण्याच्या वयाची होती. ताईने तिला वाढवलं, शिकवलं, वेण्या घातल्या, रागे भरली, आणि या सगळ्यात स्वतःच्या लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिला कळलंही नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला एक मुलगी आयतीच मिळाली, आता नवरा कशाला?" धाकटी शिकली, याच प्रयोगशाळेत संशोधनाला आली आणि आल्या आल्या तिने ताईला कामाला लावलं. ताटल्या धू, खुराक शिजव, हे आण, ते दे. ताई कुरकुरायची आणि मनातून फुलून यायची.

धाकटीच्या डोक्यात एकच विषय होता. पिकाला मूळ धरायला आणि दाणा भरायला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लागतं. शेतकरी खत टाकतो, त्यातला मोठा वाटा जमिनीतला चुना गिळून बसतो. म्हणजे स्फुरद असतं जमिनीतच, पण पिकाच्या तोंडी लागत नाही. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली, अशातली गत. मातीतले काही जिवाणू मात्र आंबट रस सोडतात, तो दगडासारखा चुना विरघळवतात आणि स्फुरद मोकळं करतात. असा जिवाणू ओळखायची रीत साधी आहे. चुन्याच्या स्फुरदाची पूड घालून ताटलीत खुराक ओतायचा. ताटली दुधासारखी पांढरी दिसते. जिवाणू कामाचा असेल तर त्याच्या ठिपक्याभोवती पांढरं नाहीसं होतं आणि काचेसारखं स्वच्छ कडं उमटतं. कडं जेवढं रुंद, तेवढा तो कष्टाळू.

शहराबाहेर एक चुनखडीचा उतार होता. तिथे गवताची काडी उगवत नसे. एकदा धाकटीला त्या उतारावर गवताचा एकच हिरवागार ठोंब दिसला. "बाकी सगळे मेलेत आणि हा एकटा मजेत कसा? याला कुणीतरी चोरून जेवायला घालतंय," ती म्हणाली आणि हातानेच मुळं उकरून पिशवीत भरून घेऊन आली. त्या मुळांवरच्या मातीतून जे निघालं, त्याचं कडं पाहून सगळी प्रयोगशाळा ताटलीभोवती गोळा झाली. एवढं रुंद कडं तिथे कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्या जिवाणूच्या नळीला धाकटीचंच नाव पडलं. "दगडाला पाझर फुटला गं ताई," धाकटी म्हणाली. तेव्हा ताई तिच्याकडे बघत होती, ताटलीकडे नाही.

त्या गर्दीत शेजारच्या टेबलावरचा एक चष्मेवाला मुलगा होता. धाकटी त्याला चिडवायला प्रोफेसर म्हणायची. पुढे तो खरोखरच प्रोफेसर झाला, पण ते नंतर. तेव्हा तो फक्त धाकटीचा ठरलेला नवरा होता, घरी येऊन ताईच्या हातचं दोन वेळा वाढून घेणारा, ताई ज्याला "अरे तुरे" करून हक्काने बाजारात पिटाळायची असा.

मग धाकटीचं पोट दुखायला लागलं. पोटाचा तो आजार वाईट होता आणि डॉक्टरांना तो उशिरा सापडला. शेवटी शेवटी तिला अन्न जाईना. ताई चमच्याने भरवायची, धाकटी तिचं मन राखायला तोंड उघडायची आणि दोघींनाही ठाऊक असायचं की आता हे उलटून पडणार. प्रोफेसर दारात उभा राहून भांडं धरायचा. एक चमचा पोटात राहिला तर त्या घरात सण असल्यासारखं वाटे. पण तसे दिवस कमी कमी होत गेले, आणि धाकटी भुकेलीच गेली.

ताई रडली नाही. दोन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती पदर खोचून प्रयोगशाळेत हजर. लोक काय म्हणायचं ते म्हणालेच. काळीज आहे की दगड, इथवर बोलणं झालं. ताईला ते ऐकू आलं, पण तिच्या डोक्यात एकच होतं. नळी बदलायचा दिवस होता. आपण घरी बसलो तर आत धाकटी उपाशी राहील.

त्या दिवसापासून बहीण आणि नळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ताई जाणत होती आणि मानत नव्हती. माणसाला हे दोन्ही एकाच वेळी जमतं.

धाकटीने लावून दिलेला नियम असा होता, की हा जिवाणू त्या पांढऱ्या, चुनाळ खुराकावरच ठेवायचा. तिथे त्याला स्वतः चुना फोडून पोट भरावं लागे. त्यामुळे तो हळू वाढे, थर विरळ येई, अंगाने बारीक. इतके दिवस ताईने ते निमूटपणे केलं होतं. आता तिला ते बघवेना. नळी उजेडात धरली की तो पातळ थर दिसे. आजारपणातले धाकटीचे हात तिला आठवत. एके सकाळी तिने दुसरा खुराक शिजवला. मांसाचा अर्क, साखर, सगळं तयार आणि विरघळलेलं, फोडायला काही नको. दोन दिवसांत नळीत जाड, चमकदार, लोण्यासारखा थर आला. ताई कितीतरी वेळ ती नळी हातात घेऊन बसली होती. खूप दिवसांनी तिला कुणाचं तरी पोट भरलेलं दिसत होतं.

वर्ष व्हायच्या आत प्रोफेसरचं लग्न झालं. दूरच्या शहरात मोठ्या संस्थेत नोकरी लागली, घरच्यांनी मुलगी पाहिली, तो हो म्हणाला. त्यात गैर काही नव्हतं, पण ताईच्या घरी पत्रिका द्यायला आला तेव्हा तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. काही महिन्यांनी तो पुन्हा आला, या वेळी प्रयोगशाळेत, हातात बर्फाचा डबा घेऊन.

"ताई, धाकटीचं थोडं विरजण हवं होतं," तो म्हणाला. "आमच्याकडे गोठवून, वाळवून ठेवायची सोय आहे. तशी ती कितीही वर्षं झोपून राहील, काही बदलणार नाही."

"ती इथे बरी आहे."

त्याने नळी पाहिली, तो जाड थर पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. "ताई, हे तुम्ही काय घालताय हिला? असं आयतं मिळत गेलं तर ती काम विसरेल हो. या जातीचं असंच असतं. तिला अधूनमधून उपाशी ठेवा, चुना फोडायला लावा."

उपाशी हा शब्द त्याने नको वापरायला होता. ताईने नळी त्याच्या हातातून काढून घेतली.

"विसरायची सवय तुम्हाला आहे," ती म्हणाली. "तिला नाही. आणि माझ्या हातात आहे तोवर ती उपाशी राहायची नाही."

त्याला तिने आयुष्यात पहिल्यांदा "तुम्ही" म्हटलं होतं. तो रिकामा डबा घेऊन निघून गेला. जाताना जिन्यावर त्याचा पाय घसरला, हेही ताईने खिडकीतून पाहिलं आणि तिला बरं वाटलं. राग माणसाला किती लहान करतो बघा.

त्यानंतर कितीतरी वर्षं धाकटीची पाकिटं जात राहिली. कुणाला संशय का आला नाही, असं कुणी विचारील. त्याचं कारण त्या जागेच्या रीतीत होतं. पाकीट बाहेर पडण्याआधी त्यातले जिवाणू मोजले जात. जिवंत किती, एवढंच पाहायचं. भरपूर असले की शिक्का. धाकटी तर खाऊनपिऊन सगळ्यांत जोमदार, ती प्रत्येक वेळी पहिल्या नंबरात. ते जिवंत असून करतात काय, हे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. ताईच्या तर नाहीच नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो. ते माणसांचं झालं.

मग नव्या मॅडम आल्या. वयाने ताईपेक्षा खूप लहान, बोलायला मऊ, कामाला चिवट. त्यांनी ताईचा हात पाहिला आणि मनापासून म्हणाल्या, "इतकी स्वच्छ नळी मी कुठेच पाहिली नाही." आणि त्याच आठवड्यात सांगितलं, की सगळ्या वाणांची पांढऱ्या ताटलीवर परीक्षा घ्यायची. ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आनंदच झाला. धाकटीचं ते रुंद कडं या नव्या लोकांनी पाहिलंच कुठे होतं? ताटल्या तिने स्वतः ओतल्या, ठिपके स्वतः लावले, धाकटीची ताटली सर्वांत वर ठेवली.

ताटल्या उघडल्या तेव्हा मॅडम आणि ती, दोघीच होत्या. बाकीच्या ताटल्यांत लहानमोठी कडी होती. धाकटीच्या ताटलीत ठिपका टपोरा होता, आणि त्याच्याभोवती सगळं पांढरंशुभ्र. ताईने ताटली उजेडाकडे धरली. तिरकी केली. चष्मा पुसला.

"अजून दोन दिवस ठेवू या," ती म्हणाली. "ही पहिल्यापासून सावकाशच."

दोन दिवस ठेवली. मग आठवडाभर ठेवली. मॅडमनी ठेवू दिली, हे त्यांचे उपकारच. शेवटी त्यांनीच विचारलं, "ताई, ही किती वर्षं या भारी खुराकावर आहे?"

ताईने सांगितलं. सांगताना तिला प्रोफेसरच्या हातातला तो बर्फाचा डबा आठवला.

"परत शिकवता येईल का हिला?" तिने विचारलं.

"कधी कधी येते वळणावर. मुळाजवळ ठेवली, उपास घडवला तर." मॅडमनी ताटलीवर झाकण ठेवलं. "पण ताई, नाही आली तर यादीतून काढावी लागेल. शेतकरी हिच्या भरवशावर खत कमी टाकतो."

हे शेवटचं वाक्य ताईला घरापर्यंत पुरलं. आपण पाकिटांत भरून काय पाठवत होतो, याचा विचार तिने तोवर केलाच नव्हता. कुणाच्या तरी शेतात मका खुजा राहिला असेल, त्या माणसाने आभाळाला बोल लावला असेल. धाकटीला हे कळलं असतं तर ती आठवडाभर ताईशी बोलली नसती.

त्या हंगामात ताईने जे केलं ते तिलाच माहीत. वाळू भाजून निर्जीव केली, त्यात दगडी स्फुरदाची पूड घातली, कुंड्यांत मका लावला. निम्म्या कुंड्यांत धाकटी सोडली, निम्म्या तशाच ठेवल्या. खुराक नाही, साखर नाही. मुळातून जे काय पाझरेल तेवढ्यावर तिने राहायचं. रोज सकाळी ताई कुंड्यांपुढे उभी राही आणि पुटपुटे, "फोड गं. थोडं तरी फोड." ज्या हाताने भरवलं त्याच हाताने उपाशी ठेवायचं, हे तिला किती जड गेलं ते सांगून कळणार नाही. मका वाढला तो दोन्हीकडे सारखाच, खुजा, पानांच्या कडा जांभळट. स्फुरद मिळालं नाही की मका असाच जांभळा पडतो. मुळं धुऊन तिने जिवाणू परत काढले, पांढऱ्या ताटलीवर लावले. ठिपके आले. कडं एकालाही नव्हतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती खुरपं घेऊन त्या चुनखडीच्या उतारावर गेली. जिथून आली तिथे तिची भावंडं असतील, असा हिशोब. पण उतारच राहिला नव्हता. सगळं सपाट करून सिमेंट ओतलं होतं, वर गोदामं आणि ट्रक उभे करायची जागा. पहारेकऱ्याला तिने मूठभर माती मागितली. तो भला माणूस, म्हणाला, "माती इथे कुठली आजी, ती कुंड्यांतली घ्या. पण तीही बाहेरून आणलेली आहे." ताईने त्याचं मन मोडायला नको म्हणून ती पिशवीत घेतली आणि पुढच्या वळणावर झाडाखाली टाकली.

आता एकच दार उरलं होतं, आणि ते तिनेच लावून घेतलेलं. कदाचित प्रोफेसरने तेव्हा न विचारता थोडं नेलं असेल. कदाचित लग्नाआधीची एखादी नळी त्याच्याकडे राहिली असेल. माणूस बुडताना काडीचा आधार शोधतो, तसं. त्याचा फोन नंबर मॅडमनी शोधून दिला. ताईने प्रयोगशाळेच्या मधल्या खोलीतून दुपारी फोन लावला.

त्याने आवाज ओळखला. "ताई?" तो म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. भारी खुराक, ताटली, मका, उतार. काही लपवलं नाही. "तू म्हणाला होतास तसंच झालं," ती म्हणाली. "ती काम विसरली. तुझ्याकडे जुनी एखादी आहे का रे?"

"नाही ताई. मी मागितली होती, तुम्ही दिली नाहीत."

त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. नुसतं घडलं ते सांगितलं होतं.

"संस्थेत गोठवून ठेवली असतीस," ती म्हणाली. "आज कामाला आली असती."

"ठेवली असती, हो." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पण खरं सांगू? मी तेव्हा संस्थेसाठी आलो नव्हतो. ते मी निमित्त काढलं होतं. फोटो तुमच्याकडे, कपडे तुमच्याकडे, तिची पुस्तकं तुमच्याकडे. लग्न झालं नव्हतं, त्यामुळे मला कुणी काही विचारलंच नाही. माझ्याकडे तिचं काहीच नव्हतं, ताई."

ताईने फोन कानाला धरून ठेवला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्या घरातून एकच माणूस उपाशी गेलं.

"अरे," ती म्हणाली. "आता जी आहे ती पाठवू का? काम काही करत नाही. नुसती जगते."

"पाठवा," तो म्हणाला.

फोन ठेवून ती टेबलापाशी आली. मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं, की धाकटी यादीतून निघाली, तिच्या नळ्या आज वाफेच्या भांड्यात घालायच्या, म्हणजे आतलं सगळं मरेल आणि काच धुता येईल. ताईने बर्नर लावला, तार लाल केली, नवी नळी घेतली. त्याच्यासाठी एक. हात नेहमीसारखा चालला. तारेचं टोक खुराकावर टेकवलं, तोंडावर कापसाचा बोळा बसवला, नळी कागदात गुंडाळली. मग उरलेल्या नळ्यांची जाळी उचलून तिने वाफेच्या भांड्यात ठेवली, झाकण फिरवलं, बटण दाबलं. ही कामं तिने हजारदा केली होती. भांडं गरम होऊन वाफ धरू लागलं, आणि ताईला रडू फुटलं.

साधंसुधं रडू नव्हतं ते. आधी तिलाच तो आवाज ओळखता आला नाही. ती स्टुलावर बसली, टेबलाची कड धरली आणि मोठ्याने, तोंड न झाकता रडली, मसणवाटेतून परतलेल्या घरात बायका रडतात तशी. खालची माणसं जिन्यापर्यंत आली आणि वाफेच्या भांड्याकडे बघून आपसात बोलू लागली. एका जंतूपायी कुणी एवढं रडतं का, असं कुणीतरी म्हटलं.

काचसामान धुणारे मामा तेवढे आत आले. ते अलीकडेच लागलेले, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. हातातली बाटली त्यांनी खाली ठेवली.

"कोण गेलं, ताई?" त्यांनी विचारलं.

"माझी बहीण गेली," ती म्हणाली.

मामांनी दुसरं स्टूल ओढलं आणि ते तिच्याजवळ बसून राहिले. कधी, ते त्यांनी विचारलं नाही.